छोट्या इंजिनाचा बोअर वाढवताना

पन्नास सीसीची मोटरसायकल अठ्ठ्याऐंशी सीसीची करता येते का? नवे इंजिन न घेता, त्याच इंजिनात? हा प्रश्न गॅरेजमधल्या मेकॅनिकला विचारला तर तो "करता येते" म्हणेल. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला विचारला तर त्यानेही "करता येते" असेच म्हणावे, पण लगेच फळ्यापाशी जावे. या एका बदलामुळे इंजिनात आणखी किती बदल करावे लागतात, हे शाळेतल्या गणिताने आणि अकरावी-बारावीच्या भौतिकीने चांगले दाखवता येते.

मोटोक्रॉस ही चढउतारांच्या, खाचखळग्यांच्या मातीच्या मार्गावर होणारी मोटरसायकलींची शर्यत. इंग्लंडमध्ये १९२४ च्या सुमारास सुरू झालेला हा खेळ पुढे युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये फोफावला. आपल्याकडेही पुणे, नाशिक या भागांत मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती होतात. या खेळाच्या कुटुंबातली सर्वांत धाकटी गाडी लहान मुलांना शिकण्यासाठी बनवलेली असते. होंडा कंपनीची एक्सआर ५० आर (२०००) आणि तिच्या जागी आलेली सीआरएफ ५० एफ (२००४) ही याची प्रसिद्ध उदाहरणे. दहा इंची चाके, तीन गिअर, आपोआप पकडणारा क्लच आणि हवेने थंड होणारे चार धावांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन, अशी तिची रचना. गाडी मुलांची खरी, पण अमेरिकेत मोठी माणसेही तिच्यावर बसून शर्यती लावू लागली. मोठ्या माणसाला पन्नास सीसी कशी पुरणार? त्यातून एक धंदाच उभा राहिला. मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, रिंगा आणि पॅकिंगचा संच तयार मिळू लागला. या संचाला 'बिग बोअर किट' म्हणतात.

बोअर, स्ट्रोक आणि सीसी

सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढे अंतर जातो ते अंतर म्हणजे स्ट्रोक, आपल्या भाषेत धाव. या दोन मापांवरून पिस्टन एका धावेत किती घनफळ मोकळे करतो ते निघते. दंडगोलाच्या घनफळाचे हे साधे सूत्र आहे:

घनफळ = ०.७८५४ × (बोअर)चा वर्ग × स्ट्रोक

सीआरएफ ५० च्या इंजिनाचा बोअर ३९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ४१.४ मिलिमीटर आहे. सेंटिमीटरमध्ये मांडले तर ०.७८५४ × ३.९ × ३.९ × ४.१४ = सुमारे ४९.५ घनसेंटिमीटर. हीच ती 'पन्नास सीसी'.

या गाडीसाठी मिळणाऱ्या एका प्रचलित किटचा बोअर ५२ मिलिमीटर असतो. स्ट्रोक तोच राहतो. आता ३९ आणि ५२ या आकड्यांकडे नीट पाहा. दोन्ही तेराच्या पाढ्यातले आहेत, म्हणजे त्यांचे गुणोत्तर बरोबर ३ : ४. व्यास एक-तृतीयांशाने वाढला, पण घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार-तृतीयांशाचा वर्ग म्हणजे १६/९. म्हणून नवे घनफळ ४९.५ × १६/९ = सुमारे ८८ सीसी. व्यास ३३ टक्क्यांनी वाढला आणि घनफळ ७८ टक्क्यांनी. वर्गाच्या नियमाचे इतके सुटसुटीत उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते.

आपल्या गॅरेजमध्ये 'बोअर करून घेणे' हा शब्दप्रयोग रोजचा आहे. पण ते काम वेगळे. सिलिंडर झिजला की तो खरादावर किंचित कोरून पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतात. त्यात झीज काढून टाकण्याचा हेतू असतो, शक्ती वाढवण्याचा नव्हे.

एका घराण्याचे आकडे

नेमके याच इंजिनासाठी इतकी किटे का निघाली, याचे उत्तर त्याच्या वंशावळीत आहे. होंडाने १९५८ साली जपानमध्ये सुपर कब नावाची हलकी दुचाकी आणली. तिचे इंजिन जवळजवळ आडवे ठेवलेले होते. या घराण्याच्या गाड्यांचे उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींवर गेले. पुढे १९६० च्या दशकात त्या इंजिनाची जी सुधारित रचना आली, तिचीच ३९ × ४१.४ ही मापे मुलांच्या गाडीत टिकून राहिली.

होंडाने स्वतः काय केले ते पाहा. सी ७० या गाडीत स्ट्रोक ४१.४ मिलिमीटरच ठेवला आणि बोअर ४७ मिलिमीटर केला. झाले ७२ सीसी. नंतरच्या सी ९० मध्ये बोअर ४७ च ठेवला आणि स्ट्रोक ४९.५ केला, झाले सुमारे ८६ सीसी. आणि आपल्या रस्त्यांवर १९८५ पासून धावू लागलेली हीरो होंडा सीडी १०० आठवते? तिचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. तिचेही इंजिन आडवेच. थोडक्यात, बोअर वाढवणे ही कल्पना कारखान्यातूनच आलेली आहे. फरक एवढाच, की कारखाना बोअर वाढवतो तेव्हा बाकीचे भागही त्याला साजेसे करून, महिनोन्महिने चाचण्या घेऊन गाडी बाहेर काढतो. किट बसवणाऱ्याला ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. पुढचे विवेचन या जबाबदारीचे आहे.

हवेचा रस्ता

इंजिनात शक्ती पेट्रोलमुळे येते हे खरे, पण पेट्रोल किती जाळता येईल ते हवा ठरवते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे पन्नास सीसीचे इंजिन शोषणाच्या एका धावेत फार तर ०.०६ ग्रॅम हवा घेते आणि त्यात चार मिलिग्रॅम पेट्रोल जळू शकते. अठ्ठ्याऐंशी सीसीत हाच आकडा सात मिलिग्रॅमच्या आसपास जातो. प्रत्येक स्फोटामागे पावणेदोन पट इंधन, म्हणून पिळबळही पावणेदोन पट, असा हिशोब मांडायचा मोह होतो. तो खरा ठरण्यासाठी मात्र सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला पाहिजे.

येथे प्रवाहाच्या सातत्याचे समीकरण उपयोगी पडते. क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार कायम राहतो. नदी अरुंद झाली की पाणी जोरात वाहते, तेच हे. गाडीच्या मूळच्या कार्ब्युरेटरचे तोंड १३ मिलिमीटरचे आहे. पिस्टन ३९ मिलिमीटरचा असताना क्षेत्रफळांचे गुणोत्तर (३९ ÷ १३)चा वर्ग, म्हणजे ९. पिस्टनचा सरासरी वेग जितका, त्याच्या नऊपट वेगाने हवा कार्ब्युरेटरमधून जायला हवी.

पिस्टनचा सरासरी वेग काढणे सोपे आहे. मिनिटाला ९,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १५०. दर फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो. म्हणून वेग = २ × ०.०४१४ × १५० = सुमारे १२.४ मीटर प्रतिसेकंद. हवेचा वेग त्याच्या नऊपट, म्हणजे सेकंदाला ११२ मीटर.

आता पिस्टन ५२ मिलिमीटरचा केला आणि कार्ब्युरेटर तोच ठेवला. गुणोत्तर (५२ ÷ १३)चा वर्ग, म्हणजे १६. लागणारा सरासरी वेग जवळजवळ २०० मीटर प्रतिसेकंद. पण पिस्टन धावेच्या मध्याजवळ सरासरीपेक्षा दीडपटीहून थोड्या अधिक वेगाने जातो. त्या क्षणी हवेला सेकंदाला तीनशे मीटरहून अधिक वेगाने जावे लागेल. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोहोचतो. इतक्या वेगाने हवा त्या तोंडातून निमूटपणे जात नाही. घर्षण वाढते, दाब घसरतो आणि सिलिंडर अर्धवट भरतो. अशा गाडीला कमी फेऱ्यांवर जोर चांगला येतो, पण फेरे वाढले की ती गुदमरल्यासारखी होते.

म्हणून किटबरोबर पुष्कळदा २० मिलिमीटरच्या आसपासचा कार्ब्युरेटर घेतात. त्याचे गणित (५२ ÷ २०)चा वर्ग = ६.७६, वेग सुमारे ८४ मीटर प्रतिसेकंद. ही दुरुस्ती झाली की पुढचा प्रश्न उभा राहतो. कार्ब्युरेटरमधल्या अरुंद भागात हवेचा वेग वाढून दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळेच पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. बर्नुलीचे तत्त्व ते हेच. तोंड मोठे केले, वेग कमी झाला, तर ओढही कमी होते. मग जेटचे भोक योग्य तेवढे मोठे निवडावे लागते. ते लहान राहिले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन जास्त तापते आणि पिस्टनच्या माथ्याला इजा होऊ शकते. शिवाय कार्ब्युरेटर मोठा केला तरी हवेला पुढे झडपेतून जायचेच असते. म्हणून महागड्या किटमध्ये मोठ्या झडपांचे नवे हेड येते.

दाब आणि ठोका

पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा उरते. तिला दहनकक्ष म्हणतात. पिस्टन खाली असतानाचे एकूण घनफळ भागिले ही उरलेली जागा, म्हणजे संपीडन गुणोत्तर. सीआरएफ ५० मध्ये ते १० आहे. यावरून मोकळी जागा किती ते काढता येते. ४९.५ भागिले (१० वजा १) = ५.५ घनसेंटिमीटर. एवढ्या जागेत चहाचा एक चमचा जेमतेम मावेल.

आता सिलिंडर ८८ सीसीचा झाला आणि ही जागा ५.५ च राहिली, तर नवे गुणोत्तर (८८ + ५.५) ÷ ५.५ = १७. हा आकडा पेट्रोल इंजिनाचा नव्हे, डिझेल इंजिनाचा आहे! डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. आदर्श वायूच्या सूत्राने पाहिले, तर २७ अंश सेल्सिअसची हवा दहापट दाबली की सुमारे ४८० अंशांपर्यंत जाते आणि सतरापट दाबली की सुमारे ६६० अंशांपर्यंत. प्रत्यक्षात काही उष्णता भिंतींना जाते, त्यामुळे तापमान याहून कमी राहते. पण धोका कोणत्या दिशेला आहे ते कळते. पेट्रोलमध्ये ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. त्याचा खणखण आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, इंजिन 'नॉकिंग' करते. हातोडीचे घाव बसावेत तसे दाबाचे तडाखे पिस्टनला बसतात. बोअर मोठा असल्याने ज्योतीला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जायचे अंतरही एक-तृतीयांशाने वाढलेले असते. म्हणजे त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही जास्त मिळतो.

यावर उपाय म्हणजे मोकळी जागा वाढवणे. गुणोत्तर १० ठेवायचे तर ८८ ÷ ९ = सुमारे ९.८ घनसेंटिमीटर जागा हवी. ती पिस्टनचा माथा खोलगट करून किंवा मोठ्या दहनकक्षाचे हेड बसवून मिळवतात. मग गुणोत्तर थोडे वाढवून फायदा का घेऊ नये? आदर्श चक्राची कार्यक्षमता गुणोत्तर १० असताना सुमारे ६० टक्के आणि १२ असताना ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता याच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे लाभ थोडका आणि त्यासाठी जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते.

उष्णतेचा हिशोब

एक ग्रॅम पेट्रोल जळाले की सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते. मिनिटाला ६,००० फेरे असताना, दोन फेऱ्यांमागे एक स्फोट या हिशोबाने, सेकंदाला ५० स्फोट होतात. पन्नास सीसीत स्फोटामागे चार मिलिग्रॅम पेट्रोल धरले तर सेकंदाला ८.८ किलोज्यूल, म्हणजे ८.८ किलोवॅट. अठ्ठ्याऐंशी सीसीत हाच आकडा १५.४ किलोवॅटवर जातो. ठोकळ मानाने यातला एक-तृतीयांश भाग सिलिंडरच्या भिंती आणि हेड यांच्यावाटे बाहेर टाकावा लागतो. म्हणजे पूर्वी सुमारे तीन किलोवॅट, आता पाच. घरातला मोठा गीझर तीन किलोवॅटचा असतो. एका गीझरएवढी उष्णता वाऱ्यावर टाकण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला आता जवळजवळ दोन गीझरची उष्णता टाकायची आहे.

हे इंजिन पाण्याने थंड होत नाही. सिलिंडरभोवतीच्या पातळ पट्ट्या, वारा आणि एक लिटरहूनही कमी तेल, एवढीच त्याची साधने. म्हणून चांगल्या किटचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, मोठ्या पट्ट्यांचा असतो आणि त्याच्या आत बिडाची नळी बसवलेली असते. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते, बीड झिजेला टिकते. कित्येकजण तेल थंड करणारी छोटी जाळीही जोडतात. गाडी सतत पूर्ण जोरात पळत नाही, म्हणून प्रत्यक्षातला ताण वरच्या आकड्यांहून कमी असतो. पण मोटोक्रॉसमध्ये वेग कमी आणि जोर जास्त असे प्रसंग वारंवार येतात. चिखलात, चढावर, वारा नसताना इंजिन तापते ते याच कारणाने.

बळांचा हिशोब

स्फोटाच्या वेळी सिलिंडरमधला दाब वातावरणदाबाच्या पन्नासपट होतो असे धरू. एक वातावरणदाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० न्यूटन. जुन्या पिस्टनचे क्षेत्रफळ ११.९५ चौरस सेंटिमीटर, म्हणून त्यावरचे बळ सुमारे ६,००० न्यूटन. नव्याचे क्षेत्रफळ २१.२४ चौरस सेंटिमीटर. बळ सुमारे १०,६०० न्यूटन. पूर्वी सहाशे किलोचा भार पडत होता, आता हजार-अकराशे किलोचा पडतो. आणि तो पेलायचा आहे जुन्याच कनेक्टिंग रॉडला, जुन्याच क्रँकला, जुन्याच बेअरिंगांना. हेड धरून ठेवणारे चार स्टडही तेच आहेत.

दुसरे बळ जडत्वाचे. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. तेथे त्याचे त्वरण साधारणपणे क्रँकची त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग एवढे असते. त्रिज्या स्ट्रोकच्या निम्मी, म्हणजे ०.०२०७ मीटर. ९,००० फेऱ्यांना कोनीय वेग ९४२ रेडियन प्रतिसेकंद. गुणाकार केला तर त्वरण येते १८,४०० मीटर प्रतिसेकंदवर्ग, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १,८७५ पट! कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा परिणाम धरला तर ते आणखी वाढते. शंभर ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी जवळजवळ १९० किलो वजन टांगल्यासारखा रॉडला ओढतो.

पिस्टनचा आकार सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात वाढवला, तर वस्तुमान घनाच्या नियमाने ६४/२७ पट, म्हणजे २.४ पट होईल. मग जडत्वाचे बळही तितकेच वाढेल. हे टाळण्यासाठी मोठा पिस्टन उंचीला आखूड आणि भिंतींना पातळ करतात. तरीही तो जुन्यापेक्षा जड असतोच. क्रँकवरचे समतोल वजन मात्र जुन्या पिस्टनच्या मापाचे असते, त्यामुळे गाडी जास्त थरथरते.

बोअर वाढवण्यात एक गोष्ट मात्र चांगली आहे. पिस्टनचा वेग स्ट्रोकवर अवलंबून असतो, बोअरवर नाही. म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टनचा वेग आहे तोच राहतो. त्याच घनफळासाठी स्ट्रोक वाढवला असता, तर क्रँकच बदलावा लागला असता आणि पिस्टनचा वेगही वाढला असता. त्यामुळेच हौशी माणूस आधी बोअरकडे वळतो.

बसवताना लागणारी शिस्त

किट बसवण्याचे काम दिसते सोपे. तेल काढायचे, फ्लायव्हीलवरची खूण जुळवून पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, टायमिंग चेन सैल करायची, हेड आणि सिलिंडर उचलायचे, गजन पिन काढून पिस्टन बदलायचा आणि सारे उलट क्रमाने बसवायचे. यात प्रत्येक पायरीमागे कारण आहे.

पिन काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबतात, कारण पिनचे छोटे लॉक आत पडले तर पूर्ण इंजिन उघडावे लागते. बोअर आणखी मोठा असेल तर नव्या सिलिंडरचा खालचा भाग त्या तोंडात मावत नाही आणि ते कोरून घ्यावे लागते. कोरता कोरता भिंत पातळ होते. स्टडांमधले अंतर आणि ही भिंत, या दोन गोष्टींनी बोअरची कमाल मर्यादा ठरते.

रिंग बसवण्याआधी ती नुसती सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजतात. का? ५२ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परीघ १६३ मिलिमीटर. रिंग सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर बिडाचा प्रसरण गुणांक ०.०००011 धरून तिची लांबी सुमारे ०.१८ मिलिमीटरने वाढेल. फट ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे, त्याचे इंगित हे. फट कमी असेल तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग भिंत ओरबाडते आणि पिस्टन जॅम होतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या अंतराचेही तसेच. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही १०० अंशांनी तापले तरी पिस्टन ०.०४ ते ०.०५ मिलिमीटरने जास्त फुगतो. तेवढी जागा आधीच ठेवावी लागते. आपला केस जाडीला साधारण इतकाच असतो.

रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देत नाहीत, नाहीतर वायूला सरळ वाट मिळते. हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आणि टॉर्क पान्याने मोजून आवळतात. एकच कोपरा आधी आवळला तर हेड वाकडे बसते आणि पॅकिंगमधून दाब सुटतो. शेवटी टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहतात. झडप पिस्टनला लागत असेल तर ती हाताला कळते. किक मारल्यावर कळण्यापेक्षा हे बरे.

इंजिनाबाहेर

एवढे सगळे नीट केले तरी गाडी अजून पन्नास सीसीचीच आहे. क्लचच्या स्प्रिंग जुन्या पिळबळाच्या मापाच्या आहेत. तो घसरू लागतो. ब्रेक पुढेमागे ड्रमचे आणि लहान आहेत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. समजा, वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला. दीडपट वेग, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट. थांबायचे अंतरही सव्वादोन पट. त्यातून बसणारा मुलाऐवजी मोठा माणूस असेल तर वस्तुमानही दुप्पट-तिप्पट. चेसिस, स्प्रिंग, चाकांचे आरे हे सारे लहान मुलाच्या वजनासाठी बनवलेले. इंजिन फुटले तर पैशांचे नुकसान होते. ब्रेक अपुरा पडला तर माणसाचे होते. आणि अशी गाडी पुन्हा लहान मुलाच्या हाती दिली तर त्या मुलाला ती झेपणार नाही, हे सांगायला गणिताची गरज नाही.

आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांना गाड्यांची हौस असते आणि घरच्या मोटरसायकलीवर असे प्रयोग करण्याची इच्छाही. त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटोक्रॉसची गाडी बंदिस्त मार्गावर चालते, रस्त्यावर नव्हे. रस्त्यावरच्या वाहनाच्या नोंदणीत इंजिनाची सीसी लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. पण केवळ "कायद्याने बंदी आहे" म्हटल्याने तरुण मनाचे समाधान होत नाही. वरचा हिशोब त्यांच्याकडूनच करून घेतला, तर कायदा तसा का आहे ते त्यांना आपोआप कळेल.

प्रयोगशाळेत उपकरणाचा एक भाग बदलला की बाकीच्या प्रत्येक भागाची मर्यादा पुन्हा तपासावी लागते. येथेही व्यास फक्त एक-तृतीयांशाने वाढला. घनफळ आणि बळ वर्गाने वाढले, वस्तुमान घनाने वाढू पाहत होते, उष्णता घनफळाबरोबर वाढली आणि स्टड, बेअरिंग, ब्रेक मात्र होते तेवढेच राहिले. हत्तीचे पाय हरणासारखे बारीक का नसतात, या जीवशास्त्रातल्या प्रश्नाचे उत्तरही याच नियमांत आहे.

वर्गात करण्यासारखे

१. जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेला पिस्टन आणि सिलिंडर मागून आणा. व्हर्नियर कॅलिपरने बोअर मोजा. त्या गाडीचा स्ट्रोक मेकॅनिकला विचारा किंवा माहितीपुस्तिकेत पाहा आणि सीसी काढा. पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा.

२. जुने हेड मिळाल्यास प्लग आणि झडपा जागेवर बसवून ते उलटे, सपाट ठेवा. ब्युरेटने किंवा सुई नसलेल्या पिचकारीने दहनकक्षात पाणी भरा. किती घनसेंटिमीटर मावले ते नोंदवा. पिस्टनचा माथा सपाट धरून संपीडन गुणोत्तराचा अंदाज काढा.

३. सायकलचा पंप जोरात वीस-पंचवीस वेळा मारून त्याच्या खालच्या टोकाला हात लावा. हवा दाबल्याने तापते, याचा अनुभव घ्या.

४. कावासाकी केएलएक्स ११० या गाडीचा बोअर ५३ आणि स्ट्रोक ५०.६ मिलिमीटर आहे. किटने बोअर ६० मिलिमीटर केल्यास सीसी किती होईल? (उत्तर: सुमारे १४३.)

५. सीडी १०० चा ५० मिलिमीटरचा बोअर झिजेमुळे कोरून ५१ केला, तर सीसी किती टक्क्यांनी वाढेल? (उत्तर: सुमारे ४ टक्के.) बोअर करून घेतलेल्या गाडीची शक्ती फारशी का वाढत नाही, यावर चर्चा घडवून आणा.